दर, टप्पे आणि वजावटी : वैयक्तिक प्राप्तिकराच्या दोन बाजू

भारतात व्यक्तीचा प्राप्तिकर पायरीपायरीने ठरतो. आधी पगार, घरमालमत्ता, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर मार्ग अशा पाच शीर्षांखाली उत्पन्न मोजले जाते. त्या बेरजेतून कायद्याला मान्य असलेल्या वजावटी काढल्या की करपात्र उत्पन्न उरते. त्याचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यातल्या रकमेला त्या टप्प्याचा दर लावतात. उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर आलेल्या करातून करसूट मिळते, फार मोठे असेल तर करावर अधिभार चढतो. शेवटी ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागतो.

२०२०-२१ या आर्थिक वर्षापासून ही मोजणी दोन पद्धतींनी करता येते. जुन्या प्रणालीत दर चढे आहेत आणि वजावटी पुष्कळ आहेत. नव्या प्रणालीत दर उतरते आहेत आणि बहुतेक वजावटी नाहीत. २०२३-२४ पासून नवी प्रणाली ही मूळ प्रणाली ठरली. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. २०२५-२६ या वर्षासाठी दोन्हींचे टप्पे असे :

जुनी प्रणाली : २.५ लाख रुपयांपर्यंत कर नाही, २.५ ते ५ लाख ५ टक्के. ५ ते १० लाख २० टक्के. १० लाखांवर ३० टक्के. साठी ओलांडलेल्यांसाठी करमुक्त मर्यादा ३ लाख, ऐंशी ओलांडलेल्यांसाठी ५ लाख.

नवी प्रणाली : ४ लाखांपर्यंत कर नाही; ४ ते ८ लाख ५ टक्के; ८ ते १२ लाख १० टक्के; १२ ते १६ लाख १५ टक्के; १६ ते २० लाख २० टक्के; २० ते २४ लाख २५ टक्के; २४ लाखांवर ३० टक्के. वयानुसार फरक नाही.

वरचा टप्पा लागला की सगळ्या उत्पन्नावर वरचा दर बसतो, हा समज चुकीचा आहे. नव्या प्रणालीत २४ लाखांच्या करपात्र उत्पन्नावर ३ लाख रुपये कर येतो, म्हणजे सरासरी साडेबारा टक्के. ३० टक्के दर लागतो तो फक्त २४ लाखांच्या वरच्या रकमेला.

या दोन प्रणालींमागे करव्यवस्थेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. कराच्या आधाराने नागरिकाला बचतीकडे, विम्याकडे, घराकडे वळवावे, असे मानणाऱ्याला पुढील संवादात ‘बचतवादी’ म्हटले आहे. कराने फक्त महसूल गोळा करावा आणि पैशाचे काय करायचे ते कमावणाऱ्यावर सोडावे, असे मानणारा ‘सुलभतावादी’.

दर किती असावेत?

सुलभतावादी : दर चढवले की महसूल वाढतो, हा हिशेब या देशाने एकदा करून पाहिला आहे. १९७१ मध्ये यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना अधिभार वाढला आणि सर्वांत वरचा दर ८५ टक्के अधिक त्यावर १५ टक्के अधिभार, म्हणजे ९७.७५ टक्क्यांवर गेला. वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हाती राहत असतील तर खरे उत्पन्न कोण दाखवील? प्रत्यक्ष करांचा अभ्यास करणाऱ्या वांछू समितीने नेमके हेच सांगितले की, एवढा चढा दर करचुकवेगिरीला खतपाणी घालतो. पुढे चव्हाणांनीच १९७४ च्या अर्थसंकल्पात हा दर ७७ टक्क्यांवर आणला.

बचतवादी : ९७ टक्क्यांची बाजू आज कोणीच घेत नाही. तेव्हापासून दर उतरतच आले. १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांनी टप्पे आठांवरून चारांवर आणले आणि वरचा दर ५० टक्के केला. मनमोहन सिंग यांनी १९९२ मध्ये २०, ३० आणि ४० टक्के असे तीन दर ठेवले. १९९७ मध्ये चिदंबरम यांनी १०, २० आणि ३० टक्के केले. पण या सगळ्या काळात बचतीवरच्या सवलती टिकून होत्या. म्हणजे दर उतरवायचे तर वजावटी काढल्याच पाहिजेत, असा काही नियम नाही.

सुलभतावादी : नियम नाही, पण हिशेब आहे. दहा लाखांवर तीस टक्के दर ठेवायचा आणि मग वजावटींची रांग लावून तोच दर बोथट करायचा, यात दर नावाला राहतो. ज्याला वजावटींची जुळवाजुळव करता येते त्याला कमी कर आणि ज्याला येत नाही त्याला जास्त कर, असा प्रकार होतो. त्यापेक्षा सगळ्यांसाठीच दर कमी ठेवणे अधिक न्याय्य.

बचतवादी : मग तुमच्या प्रणालीत सात टप्पे कशाला? आणि तेही दरवर्षी बदलणारे? २०२० मध्ये सात टप्पे, २०२३ मध्ये सहा, २०२४ मध्ये मर्यादा बदलल्या, २०२५ मध्ये पुन्हा सात. जुन्या प्रणालीचे टप्पे मात्र २०१७ पासून जागचे हललेले नाहीत. वीस वर्षांचे गृहकर्ज घेणाऱ्याला किंवा पंधरा वर्षांचे पीपीएफ खाते उघडणाऱ्याला पुढचा अंदाज लागतो तो स्थिर नियमांमुळे.

सुलभतावादी : तेच टप्पे न हलण्याला तुम्ही स्थैर्य म्हणता. २.५ लाखांची करमुक्त मर्यादा २०१४ ची आहे. महागाई वाढली, पगार वाढले, मर्यादा तिथेच. आपल्याकडे टप्पे महागाईशी आपोआप जोडलेले नाहीत. त्यामुळे पगारवाढ नुसती महागाई भरून काढणारी असली, तरी कर्मचारी वरच्या टप्प्यात ढकलला जातो. दर न वाढवता कर वाढतो तो असा.

वजावटी कोणाच्या कामाच्या?

जुन्या प्रणालीतल्या मुख्य वजावटी मोजक्या आहेत. कलम ८०-सीखाली भविष्यनिर्वाह निधी, पीपीएफ, आयुर्विम्याचा हप्ता, ईएलएसएस, गृहकर्जाच्या मुद्दलाची फेड, मुलांची शाळा-कॉलेजची शिक्षण फी वगैरे मिळून दीड लाख. राष्ट्रीय पेन्शन योजनेसाठी त्याखेरीज ५० हजार. ८०-डीखाली आरोग्यविम्याच्या हप्त्यासाठी स्वतःच्या कुटुंबाचे २५ हजार आणि आईवडील ज्येष्ठ नागरिक असतील तर त्यांच्यासाठी आणखी ५० हजार. स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजासाठी २ लाख. पगारदाराला ५० हजारांची प्रमाणित वजावट, घरभाडे भत्त्यावरची सूट आणि राज्याला भरलेला व्यवसाय कर, जो राज्यघटनेनुसार वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक असू शकत नाही.

नव्या प्रणालीत यातले बहुतेक सगळे जाते. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि पेन्शन योजनेत मालकाने भरलेली रक्कम मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे व्याज त्या भाड्यातून वजा करता येते, मात्र त्यातून तोटा आला तर तो पगारातून वळता करता येत नाही.

बचतवादी : ८०-सी नसते तर किती तरुण नोकरदारांनी पहिल्या पगारापासून पीपीएफमध्ये पैसे टाकले असते? खाजगी नोकरीत पुढे पेन्शन नाही, सरकारी दवाखान्यावर सगळ्यांची भिस्त नाही. अशा समाजात माणसाला म्हातारपणाची आणि आजारपणाची तरतूद करायला लावणे हे करकायद्याचे कामच आहे. फेब्रुवारी-मार्चच्या धांदलीत का होईना, पैसा बाजूला पडतो. ही सक्तीची सवय आहे, आणि ती उपयोगी आहे.

सुलभतावादी : त्याच धांदलीत नको त्या विमा पॉलिसी गळ्यात पडतात. कर वाचतो एवढ्या एकाच कारणाने घेतलेली गुंतवणूक गरजेची असतेच असे नाही. शिवाय ज्याचा पगार घरखर्चालाच पुरत नाही त्याला दीड लाख बाजूला काढणे जमत नाही, म्हणून त्याला वजावटही नाही. ज्याच्याकडे शिल्लक आहे त्यालाच सवलत. आणि तीही उतरत्या क्रमाने नव्हे, चढत्या. दीड लाखाच्या वजावटीने ३० टक्के टप्प्यातल्याचे ४५ हजार वाचतात, २० टक्के टप्प्यातल्याचे ३० हजार आणि ५ टक्क्यांतल्याचे साडेसात हजार. जितके उत्पन्न मोठे तितकी सरकारची मदत मोठी, ही कुठली समता?

बचतवादी : हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावर उपाय वजावट रद्द करणे हा नव्हे. २००५ पूर्वी बचतीवर कलम ८८ खाली करातच सूट मिळे. उत्पन्नातून वजावट नसे. त्या वेळी मोठ्या उत्पन्नाला मोठा लाभ होत नव्हता. तशी रचना परत आणता येईल.

सुलभतावादी : आणता येईल, पण बचतीला उत्तेजन द्यायला करच कशाला हवा? पीपीएफचे व्याज नव्या प्रणालीतही करमुक्त आहे. गेली ती फक्त पैसे भरतानाची वजावट. आरोग्यविमा स्वस्त व्हावा असे वाटत असेल तर तो थेट स्वस्त करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्याचा लाभ प्राप्तिकर न भरणाऱ्यालाही मिळतो. ८०-डीचा लाभ त्याला कधीच मिळाला नसता.

बचतवादी : आणि घरभाडे? मुंबईत नोकरी म्हटले की भाडे आलेच. ती चैन नव्हे, नोकरीसाठी करावा लागणारा खर्च आहे. दोघांचा पगार सारखा, पण एकाला वडिलोपार्जित घर आणि दुसऱ्याला महिना साठ हजार भाडे. दोघांची कर भरण्याची ऐपत सारखी कशी? नवी प्रणाली दोघांना एकाच मापाने मोजते.

सुलभतावादी : जुनी प्रणाली तरी कुठे नीट मोजते? घरभाडे भत्ता हा पगारपत्रकात असेल तर मोठी सूट. तो नसेल, किंवा माणूस स्वतःचा धंदा करत असेल, तर महिन्याला फार तर पाच हजारांची. म्हणजे सवलत भाड्याला नाही, पगाराच्या मांडणीला आहे.

आकड्यांत काय निघते?

घरभाडे भत्त्यावरची सूट तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेइतकी असते : प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, भरलेल्या भाड्यातून पगाराचा १० टक्के भाग वजा करून उरणारी रक्कम, आणि पगाराचा ५० किंवा ४० टक्के भाग. येथे पगार म्हणजे मुख्यतः मूळ पगार. २०२५-२६ च्या नियमांनुसार ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत. पुण्यासह इतरत्र ४० टक्के.

समजा, एका कर्मचाऱ्याचा वार्षिक पगार २४ लाख ७५ हजार आहे; त्यात मूळ पगार १२ लाख आणि घरभाडे भत्ता ६ लाख. भाडे महिन्याला ६० हजार, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. ८०-सीचे दीड लाख, पेन्शन योजनेचे ५० हजार, स्वतःच्या आणि ज्येष्ठ आईवडिलांच्या आरोग्यविम्याचे ७५ हजार आणि व्यवसाय कर २,५०० अशा इतर वजावटी त्याने पुऱ्या वापरल्या आहेत.

नव्या प्रणालीत ७५ हजार वजा होऊन करपात्र उत्पन्न २४ लाख आणि कर ३ लाख. जुन्या प्रणालीत तो मुंबईत राहत असेल तर घरभाड्याची सूट ६ लाख मिळते. करपात्र उत्पन्न १५ लाख ४७ हजार ५०० उरते आणि कर २ लाख ७६ हजार ७५० होतो. उपकर धरून जुन्या प्रणालीत २४,१८० रुपये वाचतात. तोच कर्मचारी, तोच पगार आणि तेच भाडे पुण्यात असेल, तर ४० टक्क्यांच्या मर्यादेमुळे सूट ४ लाख ८० हजारांवर थांबते. करपात्र उत्पन्न १६ लाख ६७ हजार ५०० आणि कर ३ लाख १२ हजार ७५० होतो. मग नवी प्रणाली उपकरासह १३,२६० रुपयांनी स्वस्त पडते.

बचतवादी : म्हणजे मुंबईतल्या भाडेकरूवर नवी प्रणाली अन्याय करते, हे आकड्यांनीच सिद्ध झाले.

सुलभतावादी : सिद्ध झाले ते एवढेच की, सगळ्या वजावटी काठोकाठ भरल्या तेव्हा कुठे चोवीस हजार वाचले. मुंबईतच भाडे पंचेचाळीस हजार असते तर सूट ४ लाख २० हजारांवर आली असती आणि नवी प्रणालीच स्वस्त ठरली असती. शिवाय त्या चोवीस हजारांसाठी भाड्याच्या पावत्या, घरमालकाचा पॅन, विम्याची कागदपत्रे सांभाळायची. भाडे महिन्याला पन्नास हजारांच्या वर गेले की भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापून भरायचा, तो वेगळाच. मात्र तो दोन्ही प्रणालींत आहे, एवढे मान्य.

प्रमाणित वजावट सोडून आणखी किती वजावटी असल्या म्हणजे दोन्ही प्रणालींतला कर सारखा होतो, हे पगारानुसार बदलते. १२ लाख ७५ हजार पगारावर नव्या प्रणालीत कर शून्य असल्याने जुनीने बरोबरी साधायला ७ लाख २५ हजारांच्या वजावटी लागतात. १५ लाखांवर ५ लाख ४३ हजार ७५० पुरतात. १६ लाख ७५ हजारांवर ६ लाख आणि २४ लाख ७५ हजारांवर ८ लाख लागतात. त्यापुढे दोन्हीकडे वरचा दर ३० टक्केच असल्याने अधिभार सुरू होईपर्यंत हा आकडा ८ लाखांवरच राहतो. ८०-सी, पेन्शन योजना, आरोग्यविमा आणि गृहकर्जाचे व्याज यांची वर दिलेल्या मर्यादांनुसार बेरीज पावणेपाच लाख होते. म्हणून घरभाड्याची मोठी सूट नसेल, तर बहुतेक पगारदारांचे पारडे नव्या प्रणालीकडे झुकते.

बारा लाखांची रेष

नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला कलम ८७-ए खाली ६० हजारांपर्यंत करसूट मिळते आणि कर शून्य होतो. प्रमाणित वजावटीमुळे पगारदारासाठी ही रेष १२ लाख ७५ हजारांवर जाते. जुन्या प्रणालीत हीच करसूट १२,५०० रुपयांची आणि ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आहे.

बचतवादी : ‘बारा लाख करमुक्त’ ही घोषणा अर्धवट आहे. करमुक्त मर्यादा चार लाखच आहे. बारा लाखांच्या वर एक रुपया गेला की चार लाखांपासून मोजणी सुरू. साठ हजारांचा कडा उभा केला आहे तुम्ही.

सुलभतावादी : कडा नाही, उतार आहे. १२ लाखांच्या वर जितके उत्पन्न, त्यापेक्षा अधिक कर घेतला जात नाही. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल तर टप्प्यांनुसार कर ६१,५०० येतो, पण उपकर सोडून भरायचे १० हजारच. जुन्या प्रणालीत ही सोय नाही. तिथे पाच लाखांच्या वर दहा रुपये गेले तरी उपकर सोडून साडेबारा हजार भरावे लागतात.

बचतवादी : पण त्या उताराचा अर्थ काय होतो ते पाहा. १२ लाखांपासून सुमारे १२ लाख ७० हजार ६०० पर्यंत वाढलेला प्रत्येक रुपया करातच जातो. त्या पट्ट्यात दर शंभर टक्के पडतो. मघा तुम्ही ९७.७५ टक्क्यांना नावे ठेवत होता!

सुलभतावादी : तो पट्टा अरुंद आहे, पण दोष खरा आहे. करसूट न देता करमुक्त मर्यादाच वाढवली असती तर तो आला नसता. मात्र मग त्या वाढीचा लाभ कोट्यधीशांनाही मिळाला असता आणि महसुलाला मोठी खोट बसली असती. करसुटीने लाभ बारा लाखांच्या आतच राहतो.

या रेषेविषयी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. शेअर आणि इक्विटी फंडांवरील भांडवली नफ्याला विशेष दर आहेत : अल्पकालीन नफ्याला २० टक्के, दीर्घकालीन नफ्यातील सव्वा लाखावरील भागाला साडेबारा टक्के. नव्या प्रणालीची करसूट या करावर मिळत नाही. दुसरे, ही करसूट फक्त निवासी व्यक्तींना आहे. दुबईत किंवा लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्यापोटी ८ लाखांचे करपात्र उत्पन्न असेल, तर त्याला टप्प्यांनुसार २० हजार आणि उपकर ८०० रुपये भरावे लागतात. तेवढ्याच उत्पन्नाच्या पुणेकराला काहीच भरावे लागत नाही.

एक कमावता, दोन कमावते

बचतवादी : कर व्यक्तीवर बसतो, पण खर्च घराचा असतो. एका घरात एकटा दुकान चालवतो, करपात्र उत्पन्न २४ लाख. नव्या प्रणालीत उपकरासह ३ लाख १२ हजार कर. शेजारच्या घरात नवरा-बायको दोघे कमावतात, प्रत्येकी १२ लाख, कर शून्य. दोन्ही घरांत पैसा सारखाच आला. जुन्या प्रणालीत निदान आईवडिलांचा विमा, मुलांची फी, गृहकर्ज यांतून एकट्या कमावत्याला थोडी उसंत मिळते.

सुलभतावादी : कुटुंबाचे उत्पन्न एकत्र मोजले तर दुसऱ्याचा, बहुतेक घरांत बायकोचा, पहिला रुपयाच वरच्या दराने कापला जाईल. तिने नोकरी करावी की नाही, यावरच त्याचा परिणाम होईल. व्यक्तीगणिक कर हा तिच्या कमाईला स्वतंत्र मान देतो. फक्त कागदोपत्री वाटणी होऊ नये म्हणून बायकोला भेट दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते, आणि तसेच उलटही.

व्यक्तीगणिक कराच्या या नियमाला गोव्यात मोठा अपवाद आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार नवरा-बायकोची संपत्ती सामाईक मानण्याची पद्धत चालते. प्राप्तिकर कायद्याचे कलम ५-ए ही पद्धत मान्य करते. अशा दांपत्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटून दोघांवर वेगवेगळा कर आकारला जातो. पगार मात्र कमावणाऱ्याचाच राहतो. त्यामुळे वरच्या उदाहरणातला दुकानदार म्हापशाचा असेल आणि ही पद्धत त्याला लागू असेल, तर २४ लाखांचे १२-१२ लाख होतात आणि इतर उत्पन्न नसल्यास कर शून्य होतो. तोच सावंतवाडीचा असेल तर ३ लाख १२ हजार भरतो.

ज्येष्ठ, शेतकरी आणि श्रीमंत

बचतवादी : नव्या प्रणालीने वय पाहणेच सोडले. ऐंशी वर्षांच्या निवृत्ताला आणि तीस वर्षांच्या अभियंत्याला एकच मर्यादा. जुन्या प्रणालीत वयाची सवलत आहे आणि ज्येष्ठांच्या ठेवींवरील व्याजातून ५० हजार वजा होतात.

सुलभतावादी : पण पेन्शन आणि व्याज मिळून बारा लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठाला नव्या प्रणालीत कर लागतच नाही. त्याला वयाची सवलत कशाला लागेल? बँकेने व्याजावर टीडीएस कापण्याची मर्यादाही ज्येष्ठांसाठी २०२५-२६ पासून एक लाख झाली आहे. पूर्वी ती ५० हजार होती.

शेतीच्या उत्पन्नावर दोन्ही प्रणालींत केंद्राचा प्राप्तिकर नाही. राज्यघटनेने तो विषय राज्यांकडे दिला आहे. मात्र शेतीचे उत्पन्न ५ हजारांहून अधिक आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेहून अधिक असेल, तर दर ठरवण्यापुरते शेतीचे उत्पन्न जमेस धरतात. त्यामुळे शेतीवर कर बसत नाही, पण इतर उत्पन्न वरच्या टप्प्यात जाते.

वरच्या टोकाला, ५० लाखांपुढे करावर अधिभार लागतो : ५० लाख ते १ कोटी १० टक्के, २ कोटींपर्यंत १५ टक्के, त्यापुढे २५ टक्के. जुन्या प्रणालीत ५ कोटींपुढे तो ३७ टक्के होतो. त्यामुळे उपकर धरून सर्वांत वरचा दर जुन्या प्रणालीत ४२.७४४ टक्के आणि नव्या प्रणालीत ३९ टक्के पडतो.

बचतवादी : मघापासून समतेचा दाखला देणाऱ्या प्रणालीने पाच कोटींवाल्याला पावणेचार टक्क्यांची सूट दिली, हे नोंदवून ठेवावे.

सुलभतावादी : जरूर नोंदवावे. त्याबरोबर हेही नोंदवावे की, अधिभार आणि उपकर यांचा पैसा राज्यांना वाटायच्या रकमेत येत नाही. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात त्या रकमेचा ४१ टक्के वाटा राज्यांचा आहे. मूळ दराऐवजी अधिभार-उपकरावर भर दिला की महाराष्ट्रासकट सगळ्या राज्यांच्या हाती कमी येते.

बचतवादी : यावर मतभेद नाही. दोन्ही प्रणालींत तो दोष आहे.

निवड कशी करायची?

पगार, पेन्शन, व्याज किंवा भाडे एवढेच उत्पन्न असलेल्या व्यक्तीला दरवर्षी प्रणाली बदलता येते. वर्षाच्या सुरुवातीला कार्यालयात कळवलेली निवड फक्त टीडीएस कापण्यापुरती असते. विवरणपत्र भरताना ती बदलता येते. जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरले पाहिजे. मुदत टळली की नवी प्रणाली आपोआप लागू होते. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न असलेल्याला जुनी प्रणाली निवडण्यासाठी मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. तिथून नव्या प्रणालीत एकदाच परत येता येते. धंद्याचे उत्पन्न सुरू असेपर्यंत पुन्हा जुन्या प्रणालीत जाता येत नाही. करसुटीमुळे कर शून्य झाला तरी, उत्पन्न करमुक्त मर्यादेहून अधिक असल्यास, विवरणपत्र भरावेच लागते.

बचतवादी : तर मग हिशेबाअंती ज्याच्या वजावटी त्याच्या पगारानुसार येणाऱ्या बरोबरीच्या आकड्याहून अधिक आहेत त्याने जुनी घ्यावी, इतरांनी नवी. पण धोरण म्हणून प्रश्न उरतोच. ८०-सी आणि गृहकर्जव्याजाच्या मर्यादा २०१४ पासून गोठवून ठेवल्या आणि नवीचे टप्पे रुंद केले, तर जुनी प्रणाली रद्द न करताच मरते. मग बचतीला कराचा रेटा उरणार नाही. त्याची किंमत आजच्या तिशीतल्या पिढीला साठीत मोजावी लागेल.

सुलभतावादी : हातात अधिक पैसा राहिलेली पिढी बचत करणार नाही, हे गृहीत धरायचे कारण नाही. करकायद्याने दर ठरवावेत. म्हातारपणाच्या तरतुदीसाठी भविष्यनिर्वाह निधी आहे, मालकाच्या पेन्शन हिश्श्याची १४ टक्के वजावट आहे. ती तर नव्या प्रणालीतही आहे.

१९६१ चा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल १९६२ पासून लागू झाला. त्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये संमत केलेला नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून येतो. त्यात ‘पूर्ववर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ ही जोडी जाऊन एकच ‘करवर्ष’ येते आणि कलमांचे क्रमांक बदलतात. दोन्ही करप्रणाली आणि त्यांतून निवड करण्याचा हक्क मात्र त्यातही कायम आहे. २०२५-२६ चे उत्पन्न जुन्याच कायद्याखाली मोजले जाते.